गिटारची मान आणि सुताराची हत्यारे

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–१९६५) मिस्सा लोकभाषेत आली आणि तिच्या मागोमाग गिटारही ख्रिस्तमंदिरात आली. आता गायकवृंदात गिटार दिसली तर कोणाला नवल वाटत नाही. ऐकणाऱ्याचे लक्ष तारांकडे असते, पाहणाऱ्याचे पोटावरील गोल छिद्राकडे. मानेची मागची बाजू मात्र कोणी पाहत नाही. वादकाच्या डाव्या हाताचा अंगठा जिथे तासन्‌तास टेकतो ती ही जागा. ती नीट उतरली नसेल, तर उत्तम वाद्यही हाताला जड जाते. ही मान कोणत्या हत्यारांनी घडवावी, हा प्रश्न वरकरणी केवळ कारागिराचा आहे. परंतु ही हत्यारे धरणाऱ्या हातांना वाद्य करण्याचा अधिकार आहे की नाही, यावरून एके काळी जर्मनीतील एका गावात मोठा तंटा झाला. त्याची हकीकत आम्हांला वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

आधी हत्यारांची ओळख करून घेऊ. चौकोनी ठोकळ्यातून मानेचा पहिला आकार काढण्यासाठी दोन्ही टोकांना मुठी असलेली लांब सुरी वापरतात. लाकूड समोर पकडीत आवळायचे आणि सुरी दोन्ही हातांनी छातीकडे ओढायची. ही सुरी मुळात पिंपे करणाऱ्यांची आणि गाडीची चाके करणाऱ्यांची. दुसरे हत्यार म्हणजे दोन मुठींचा लहानसा रंधा. इंग्रजीत त्याला ‘स्पोकशेव्ह’ म्हणतात, म्हणजे चाकाचे आरे तासणारा. नावातच त्याचे कुळ आले. तिसरी रास्प, म्हणजे अंगावर सुटे सुटे दाते उठवलेली लाकडाची कानस. शेवटी धार उलटवलेला पोलादी पत्रा, जो लाकडावरून नुसता खरवडत नेला की कागदासारखी पातळ साल निघते. या चारांपैकी एकही हत्यार वाद्यासाठी म्हणून जन्माला आलेले नाही. बैलगाडीच्या चाकाचा आरा आणि गिटारची मान या दोहोंना मधे बारीक होत जाणारी गोलाई लागते. त्या गोलाईनेच एकाचे हत्यार दुसऱ्याच्या हाती दिले.

निवड कशी करायची, हे लाकूड ठरवते. लाकडाच्या रेषा मानेच्या लांबीने सरळ धावतात, पण मान काही सरळ नसते. एका टोकाला ती डोक्याकडे वळते, दुसऱ्या टोकाला टाचेपाशी खाली उतरते. धारेचे हत्यार नेहमी उंचावरून सखल भागाकडे चालवावे लागते. उलट चालवले, तर धार रेषांच्या पोटात शिरते आणि ढलपीच निघून येते. म्हणून टाचेच्या खोबणीत कारागीर दोन्ही बाजूंनी खाली उतरत येतो आणि जिथे दोन दिशा भेटतात तिथे सुरी ठेवून देतो. तेथे रास्प उचलावी लागते, कारण तिचे दाते रेषांची दिशा विचारत नाहीत. त्यातही हाताने दाते उठवलेली रास्प चांगली समजतात. फ्रान्समध्ये आजही असे कारागीर आहेत, जे हातोडी आणि टोकदार पोलादी खिळा घेऊन एकेक दाता उठवतात. हाताच्या कामात दाते एका ओळीत तंतोतंत येत नाहीत, थोडे इकडेतिकडे होतात. त्यामुळे लाकडावर चर पडत नाहीत. यंत्राने काढलेल्या सरळ ओळींचे दाते मात्र एकामागोमाग त्याच वाटेने जातात आणि खोल रेघा सोडतात.

स्पेनमध्ये मानेसाठी हलके, सुगंधी ‘स्पॅनिश सीडर’ वापरतात. नाव सीडर असले तरी ते बायबलातील लबानोनच्या गंधसरूचे भावंड नव्हे. ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. महोगनीही त्याच कुळातली, आणि मिरजेचे कारागीर सतारीच्या दांडीसाठी जे तूनचे लाकूड घेतात तेही. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी तूनला स्पॅनिश सीडरच्याच वर्गात गणत असत. मिरजेत सतारीचे काम एकोणिसाव्या शतकात उभे केले ते शिकलगारांनी. शस्त्रांना धार लावणे हा त्यांचा मूळ व्यवसाय, आणि फरीदसाहेब हे त्यांतले नामवंत. म्हणजे एका धंद्याचा हात दुसऱ्या धंद्यात जाऊन वाद्य घडवतो, ही गोष्ट आपल्याकडेही घडलेली आहे. स्पॅनिश सीडर सुरीखाली लोण्यासारखे कापले जाते. महोगनीच्या रेषा पुष्कळदा एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून तिथे सुरी जपून चालवावी आणि रास्पवर भिस्त ठेवावी. मेपलचे लाकूड कठीण. त्यातून त्यावर लाटांसारखी नक्षी असली तर रंध्याच्या वाटेला न जाता रास्प आणि पत्रा यांनीच काम उरकलेले बरे.

आता तो तंटा. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील मार्कनॉयकिर्खन या गावी १६७७ साली व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. त्याचे संस्थापक बोहेमियातून आलेले प्रॉटेस्टंट निर्वासित होते. कॅथलिक राजसत्तेच्या जाचाने त्यांना आपले गाव सोडावे लागले होते, हे आपण कॅथलिकांनी विसरू नये. दीडशे वर्षांत हे निर्वासित प्रतिष्ठित झाले. दरम्यान गिटार लोकप्रिय झाली आणि गावातले लाकडी सामान करणारे सुतार ती करू लागले. व्हायोलिनवाल्यांना ते खपेना. १८२६ साली आणि पुन्हा १८३२ साली त्यांनी वरिष्ठांकडे दाद मागितली. आम्ही कलावंत आहोत, आमच्या कामाला सुसंस्कृत अभिरुची लागते. हे लोक खुर्च्या-कपाटे करणारे साधे कारागीर आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. सुतारांचे उत्तर रोखठोक होते. तुमच्या जुन्या सनदेत गिटारचे नावच नाही, मग मक्तेदारी कसली? अखेर निकाल सुतारांच्या बाजूने लागला. संत योसेफाला मानणाऱ्या वाचकांचा कल कोणाकडे जाईल, हे सांगायला नको.

या सुतारांपैकी एक होता योहान गेओर्ग मार्टिन. त्याचा मुलगा ख्रिश्चन फ्रेडरिक (१७९६–१८७३) व्हिएन्नाला योहान गेओर्ग श्टाउफर या नामांकित कारागिराकडे शिकून आला होता. श्टाउफरच्या गिटारींची मान घड्याळाच्या किल्लीने वरखाली करता येत असे. खटला जिंकूनही या मुलाचे मन गावात रमले नाही. १८३३ साली तो न्यूयॉर्कला गेला आणि १८३९ साली पेनसिल्व्हेनियातील एका मोरेव्हियन वसाहतीत स्थायिक झाला. त्या गावाचे नाव नाझरेथ. सुताराच्या मुलाने नाझरेथात लाकूडकामाचे दुकान थाटावे, हा योग पाहून आम्हांला गंमत वाटते. त्याने सुरू केलेला व्यवसाय आजही त्याच गावी आहे.

मार्टिनच्या जुन्या गिटारींची मान मागून होडीच्या कण्यासारखी निमुळती असे. ही केवळ हौस नव्हती. तारांचा ताण मानेला सतत पुढे ओढतो. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या सहा तारांचा मिळून तो सुमारे ४० किलो, पोलादी तारांचा ७० किलोंहून अधिक. आत लोखंड नसताना मधला कणा जाड ठेवणे हाच आधार होता, आणि तो कणा सुरीने दोन बाजूंनी उतरवणे सोयीचेही होते. पुढे १९२३ साली गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू याला मानेच्या आत बसवायच्या, हवी तशी आवळता येणाऱ्या पोलादी सळईचे पेटंट मिळाले. मार्टिनच्या कारखान्याने १९३४ साली मानेत पोलादी पट्टी घातली. आवळता येणारी सळई मात्र १९८५ पर्यंत घेतली नाही. सळई आल्यावर मान बारीक करता येऊ लागली. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात फेंडरच्या कारखान्यात मेपलच्या मानांची गोलाई फिरत्या काचपेपरावर धरून उतरवत असत. तेथील तादेओ गोमेझ हा कामगार मानेच्या टाचेवर पेन्सिलीने आपली आद्याक्षरे आणि तारीख लिहून ठेवी. आज संग्राहक ती अक्षरे पाहून गिटारला जादा किंमत मोजतात.

मात्र आजच्या अभिजात गिटारचा साचा ज्याने घालून दिला, तो स्पेनचा आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२). तोही सुतारच, कोवळ्या वयात सुताराकडे उमेदवारीला लागलेला. सेव्हिल शहरात त्याने नाव कमावले, तरी उतारवयात आल्मेरियाला परतून त्याला चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवावे लागले. स्पॅनिश रीतीत मान आणि टाच अगोदर तयार करतात, टाचेत दोन चिरा पाडतात आणि त्यांत बाजूच्या पट्ट्या बसवून सगळे अंग मानेभोवती उभारतात. टाच आधीच कोरलेली असल्याने तिथे चूक झाली, तर पुढचे सारे काम वाकडे जाते.

तोरेसच्या म्हातारपणी त्याच्या घरी हुआन मार्तिनेझ सिर्वेंत नावाचा तरुण येत-जात असे. पुढे धर्मगुरू म्हणून ओळखल्या गेलेल्या या गृहस्थाने १९३१ साली एका पत्रात तोरेसच्या आठवणी लिहून ठेवल्या. तोरेसला त्याच्या आवाजाचे गुपित कोणी विचारले, तेव्हा त्याने काय उत्तर दिले ते आपल्याला या पत्रामुळेच कळते. हे गुपित आपल्याबरोबर थडग्यात जाणार, कारण ते आपल्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत आहे, अशा आशयाचे ते उत्तर होते. तोरेस बोलत होता तो गिटारच्या पोटाच्या फळीविषयी. पण मान घडवणाराही शेवटी हेच करतो. सुरी, रंधा, रास्प सारे बाजूला ठेवून तो डोळे मिटतो, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये मान धरून डोक्यापासून टाचेपर्यंत सावकाश हात सरकवतो, जिथे उंचवटा लागेल तिथे पेन्सिलीने खूण करतो, आणि मग पत्रा उचलतो.