स्वस्त जमिनीचा इतिहास : लातूर आणि नांदेड

‘जमीन कधी बुडत नाही’ हे वाक्य मराठवाड्यातील मध्यमवर्गाने जवळजवळ शास्त्रवचनाप्रमाणे स्वीकारलेले आहे. शिक्षक असो, एस.टी.चा वाहक असो की अडत्याकडचा मुनीम असो, चार पैसे साठले की त्याची नजर लातूर किंवा नांदेडच्या वेशीबाहेरील एखाद्या तुकड्याकडे वळते. शहर वाढते आहे, गुंठा अजून आवाक्यात आहे, दहा-पंधरा वर्षे थांबावे, एवढाच हा हिशेब. तो चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो अपुरा आहे, इतकेच आम्हांस म्हणावयाचे आहे. जमीन मुळात स्वस्त का राहिली आणि पुढे ती महाग कोणामुळे झाली, हे दोन प्रश्न त्यात विचारलेच जात नाहीत. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला थोडे मागे, निजामाच्या राज्यात, जावे लागते.

हैदराबाद संस्थानात सगळी जमीन एका जातीची नव्हती. ढोबळमानाने ६० टक्के मुलूख दिवाणी, म्हणजे सरकारच्या महसुली व्यवस्थेखालचा होता. उरलेल्यात निजामाच्या खाजगी खर्चासाठी राखलेला सर्फ-ए-खास होता, आणि पायगा व जहागिरी होत्या. शिवाय देवस्थान, दर्गा, मठ किंवा सेवेकरी यांना दिलेली इनामे गावोगावी विखुरलेली होती. कसणारा एक, सारा घेणारा दुसरा आणि हक्क सांगणारा तिसरा, अशी ही रचना. जेथे धनी कोण हेच स्पष्ट नाही तेथे जमिनीला भाव तो काय येणार? ही स्वस्ताई मातीच्या दर्जामुळे नव्हती. मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतील काळी जमीन कोणाहून उणी नव्हती; उणेपणा होता तो हक्कात आणि दळणवळणात.

दळणवळणाची उणीव आधी भरून निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद–मनमाड मीटरगेज मार्गाने नांदेड बाहेरच्या जगाशी जोडले गेले. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी लातुरास पोहोचली आणि त्यानंतर सहाच वर्षांनी, १९१७ मध्ये, गंज गोलाईची वास्तू उभी राहिली. मध्यभागी वर्तुळाकार दुमजली इमारत आणि तिच्याकडे येणारे सोळा रस्ते, ही मांडणी आजही पाहणाऱ्यास चकित करते. भुसार, कापड, सराफी असे व्यापार या रस्त्यांच्या आश्रयाने वाढले. रुळांचे टोक आणि बाजाराची आखणी यांनी आसपासच्या जमिनीचे मोल ठरवून टाकले. त्या जमिनीच्या मालकांनी मोल वाढावे म्हणून कोणता उद्योग केला होता? काहीही नाही. आगगाडी आणली कंपनीने, चौक आखला सरकारने, धान्य आणले शेतकऱ्याने. भाव मात्र चढला जागेचा.

श्रमावाचून मिळणाऱ्या या वाढीकडे पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष फार पूर्वी गेले होते. अमेरिकेतील हेन्री जॉर्ज यांनी १८७९ च्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात असा विचार मांडला की, जमिनीचे वाढलेले मोल समाजाने निर्माण केलेले असते, म्हणून ते करारूपाने समाजाकडे परत यावे. त्यांचा उपाय कोणास पटो न पटो, निदान लातूरच्या गोलाईपुरते त्यांचे निदान खोटे म्हणता येत नाही.

हक्काची उणीव भरून काढण्याचे काम सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सुरू झाले. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाला आणि जहागिरी नष्ट झाल्या. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा रूढ केली, तर १९५४ च्या कायद्याने इनामे रद्द करण्याची वाट मोकळी केली. १९५४-५५ मध्ये खासरा पाहणी झाली; कोणत्या शेतात कोण, कोणत्या नात्याने कसतो आहे, याची ती नोंद. मराठवाड्यात जमिनीच्या वादाचा धागा उलगडत गेले की तो बहुधा या खासरा पत्रकापाशी, किंवा त्याही मागे निजामकालीन सेतवारापाशी, जाऊन थांबतो.

गुंतवणूक म्हणून जमीन घेणारा गृहस्थ सातबारा पाहतो, फार तर शेवटचे दोन-तीन फेरफार पाहतो. परंतु कूळ कायद्याचा आणि इनाम कायद्याचा हक्क विक्रीखताने पुसला जात नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या संरक्षित कुळाचा नातू आज न्यायालयात उभा राहू शकतो, आणि परवानगीवाचून विकली गेलेली मदतमाश जमीन पाच हात फिरली तरी ‘वर्ग २’ची ती ‘वर्ग २’च राहते. अशा मदतमाश जमिनी नजराणा भरून नियमित करण्याचा मार्ग शासनाने अलीकडे, २०२४ मध्ये, पुष्कळ सुलभ केला. जहागिरी जाऊन पाऊण शतक लोटल्यावरही तशी गरज पडावी, यावरून हे प्रश्न किती खोल रुजले होते याची कल्पना यावी. तेव्हा एखादा तुकडा शेजारच्यापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर त्या स्वस्ताईत एखाद्या जुन्या हक्काचे ओझे दडलेले नाही ना, हे तपासणे अगत्याचे ठरते.

पुढची वाढ बव्हंशी शासनाच्या निर्णयांनी घडवली. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून वकील, डॉक्टर, शिकवण्या आणि वसतिगृहे आली. नांदेडजवळ विष्णुपुरीला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडच्या रस्त्यांचे रूप पालटले. लातूरला २०१८ मध्ये रेल्वे डब्यांच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. ज्यांना अशा निर्णयांची कुणकुण आधी लागते ते आधी खरेदी करतात. ज्याला ती सर्वांत शेवटी लागते तो बहुधा नांगर धरणारा असतो. मुलीचे लग्न, दवाखाना किंवा पेरणी यांसाठी त्याने विकलेल्या एकराचे गुंठे पडतात, आणि त्याच शेतातील एका भूखंडाची किंमत पुढे त्याच्या सगळ्या एकराहून जास्त होते.

या व्यवहारात आणखी एक खोच आहे. मुद्रांकशुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात किंमत कमी लिहिण्याची रीत जुनी आहे. पुढे त्याच शिवारात रस्ता किंवा प्रकल्प येतो तेव्हा २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला ठरवताना मागील तीन वर्षांच्या नोंदलेल्या व्यवहारांचाही आधार घेतला जातो. कागदावर दडवलेली किंमत अशा वेळी साऱ्या गावाच्या मुळावर येते. ज्याने एक फूटही जमीन विकली नाही त्याचाही मोबदला त्यामुळे घटतो.

लहान खरेदीदाराची गत याहून फार बरी नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा हेतू शेतीचे तुकडे पडू नयेत हा होता. पण शहरालगत शेत असेच्या असे विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची, आणि मंजूर रेखांकनातील भूखंडाचा भाव तिप्पट-चौपट. म्हणून मुद्रांकावर करार करून, नोंदणीवाचून, एक-दोन गुंठे घेणारी हजारो कुटुंबे तयार झाली. घर उभे, नळ नाही. ताबा आहे, नाव नाही. अशा व्यवहारांना नियमित करण्याचा मार्ग शासनाने २०२५ मध्ये खुला केला, हे योग्यच झाले. मात्र कायदा एका दिशेने आणि गरज दुसऱ्या दिशेने कित्येक दशके चालत राहिली, त्याची किंमत ज्यांच्यापाशी सर्वांत कमी होते त्यांनी भरली.

आणि या भूमीत भूमीविषयीच बोलताना दोन वर्षे विसरता येत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या नव्या गावठाणांसाठीही कोणाची तरी शेते गेलीच. दुसरे वर्ष २०१६. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. भूखंडाचे दर सांगणाऱ्या कोणत्याही पत्रकात पाण्याचा रकाना नव्हता. दर चौरस फुटाचा भाव वाढत असताना त्या चौरस फुटाखालचे पाणी कोठवर गेले, हे कोणी विचारले नाही.

मग जमीन घेऊच नये काय? तसे आम्ही सुचवीत नाही. निवृत्तिवेतन नसलेल्या, बँकेच्या व्याजाने महागाईला पुरे न पडणाऱ्या माणसास जमिनीचा आधार वाटतो, यात लोभापेक्षा भीतीचा भाग मोठा आहे, आणि ती भीती खरी आहे. परंतु घेणाऱ्याने खासरा पत्रकापासूनचे कागद वाचावेत, जमिनीचा वर्ग आणि विहिरीचे पाणी पाहावे, व्यवहार खऱ्या किमतीने नोंदवावा. इतके केल्यास त्याचे स्वतःचे रक्षण होते आणि शेजारच्या शेतकऱ्याचेही थोडेफार होते. राहिला प्रश्न वाढलेल्या मोलाचा. रेल्वे, जिल्हा, विद्यापीठ आणि धरण सर्वांच्या पैशाने येते. त्यातून निघणारी वाढ मात्र ज्याच्या नावावर सातबारा असेल त्याची होते. गोलाई बांधली गेली तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आज प्रत्येक नव्या महामार्गाच्या आखणीबरोबर तो शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो, आणि विकणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही.