मराठवाड्याची लहान मासिके आणि त्यांचे वाचक

गेल्या उन्हाळ्यात नांदेड येथे एका निवृत्त मराठी शिक्षकांच्या घरी जाण्याचा योग आला. निमित्त त्यांच्या आजारपणाचे होते. गुरुजी आपल्या समाजाचे नव्हेत. पण एका शिबिरात ओळख झाली आणि ती टिकली. चहा झाल्यावर त्यांनी आतल्या खोलीतून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले एक गाठोडे मागविले. आत मासिके होती. काही छापलेली, काही सायक्लोस्टाइल केलेली, एक-दोन तर चक्क हाताने लिहून काढलेली. पाने कडेने तपकिरी झाली होती. मधूनमधून मनिऑर्डरीच्या पावत्या टाचणीने लावलेल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "फादर, एका ग्रंथालयात विचारून आलो. ते म्हणाले, अंक सलग नाहीत, काहींवर तारीख नाही, नोंदवहीत कोणत्या रकान्यात घालायचे?"

मी काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकारही मला नव्हता. त्याचे कारण पुढे सांगतो.

ज्यांना मराठीत 'अनियतकालिके' किंवा 'लघुनियतकालिके' म्हणतात, त्यांचा इतिहास सहसा मुंबईपासून सांगितला जातो. १९५५ च्या सुमारास रमेश समर्थ, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आदी तरुण मित्रांनी 'शब्द' हे कवितेचे चक्रमुद्रित पत्र काढले. मोठ्या मासिकांच्या संपादकांपुढे हात जोडून उभे राहण्यापेक्षा आपली कविता आपणच छापावी, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. पुढे साठच्या दशकात 'असो', 'येरू', 'फक्त', 'भारुड', 'आत्ता', 'अबकडई' अशा नावांची रांगच लागली. नावे वाचूनच आमच्या सेमिनरीतील एक वृद्ध प्राध्यापक फादर कपाळाला हात लावीत. 'अनियत' हा शब्दही थोडा थट्टेचा, थोडा सोयीचा होता. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार ठरावीक मुदतीने निघणाऱ्या पत्राला दंडाधिकाऱ्यांपुढे रीतसर निवेदन करावे लागे. जे पत्र केव्हा निघेल हे खुद्द संपादकालाच ठाऊक नाही, त्याने कसले निवेदन करावे?

आपल्यापैकी वयाने मोठ्या असलेल्या वाचकांना सायक्लोस्टाइलचे यंत्र आठवत असेल. मेणाच्या पातळ कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, शाई-फितीशिवाय टंकलेखन करावयाचे किंवा टोकदार लेखणीने अक्षरे कोरावयाची. अक्षर चुकले की लाल रंगाचा द्रव लावून ते बुजवावयाचे, वाळू द्यावयाचे आणि पुन्हा कोरावयाचे. मग तो कागद शाईच्या रुळावर ताणून बसविला की हँडलच्या प्रत्येक फेऱ्यागणिक एक पान बाहेर पडे. काही शेकडा प्रतींनंतर स्टेन्सिल फाटू लागे. 'ओ'च्या पोटातला कागद गळून तेथे काळा ठिपका येई. हाताला लागलेली शाई रॉकेलनेच निघत असे. आपल्या चर्चमधील भक्तिगीतांचे कागद, नाताळच्या नाटकाच्या संहिता, सणाच्या वर्गणीचे हिशेब याच यंत्रावर निघत. मुंबईच्या बंडखोर कवीचे आणि खेड्यातल्या धर्मगुरूचे हत्यार एकच होते, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटत आली आहे.

मराठवाड्याची कथा मात्र याहून जुनी आहे आणि तिची सुरुवात कवितेपासून नव्हे, बंदीपासून होते. निजामाच्या राज्यात शिक्षणाची आणि दरबाराची भाषा उर्दू होती. 'गश्ती निशाण त्रेपन्न' या हुकमाने सभा-संमेलनांना सरकारी परवानगी आवश्यक केली होती. अशा काळात आनंद कृष्ण वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केले. सरकारने त्यावर बंदी घातली. वाघमारे यांनी ते संस्थानाच्या हद्दीबाहेर छापून निरनिराळ्या नावांनी काढणे चालू ठेवले. एका नावावर बंदी आली की दुसरे नाव! संपादकाची जिद्द यात मोठी आहेच. परंतु मला नेहमी दुसऱ्या टोकाचा माणूस दिसतो. ज्याच्या घरी असा अंक सापडला तर पोलीस येण्याची भीती होती, नाव बदलले तरी 'हे आपलेच पत्र' म्हणून ज्याने ओळखले आणि वाचून शेजाऱ्याच्या हाती दिले, तो वाचक. इतिहासात त्याचे नाव नाही.

पोलिस कारवाईनंतर, १९४८ पासून, मराठवाड्यात मराठी शाळा-महाविद्यालये उभी राहू लागली. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. या दोन संस्थांच्या आवारांतून मराठवाड्याच्या लेखनाच्या दोन वाटा निघाल्या, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नांदेडची वाट नरहर कुरुंदकरांची. १९३२ मध्ये जन्मलेला हा विलक्षण माणूस आधी शाळेत, मग पीपल्स कॉलेजात शिकवीत असे आणि पुढे तेथेच प्राचार्य झाला. 'श्रीमान योगी'ची त्यांची प्रस्तावना महाराष्ट्रभर गाजली. पण कोण कुठल्या नवख्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकालाही ते तितक्याच मनापासून प्रस्तावना लिहीत. लहानसहान अंकांना लेख देताना त्यांनी मानपान पाहिला नाही. १९८२ मध्ये औरंगाबादेस व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या विखुरलेल्या लेखांची पुस्तके निघत राहिली. ती निघू शकली, कारण कोणीतरी ते अंक फेकून दिले नव्हते.

औरंगाबादेहून साठच्या दशकात 'वाचा' निघाले. भालचंद्र नेमाडे, चंद्रकांत पाटील यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हा नेमाड्यांचा गाजलेला लेख त्यातलाच. त्या काळातील प्रस्थापित मासिकांविषयीचा राग अशा पत्रांच्या पानापानांतून उसळत असे. मुंबईत तर राजा ढाले यांनी १९६९ मध्ये 'सत्यकथा'चा अंक जाहीरपणे जाळला. मी स्वतः संपादकीय कात्रीखालून गेलेला माणूस असल्याने त्या रागाशी मला थोडी सहानुभूती आहे. पण एक गोष्ट खटकते. या पत्रांतील पुष्कळांना वाचक थोडे असल्याचा अभिमान होता. शंभर-दोनशे प्रती काढावयाच्या, त्या मित्रांतच वाटावयाच्या आणि चार अंकांनंतर पत्र बंद पडले की समाजाला दोष द्यावयाचा. त्यातून उत्तम कविता मराठीला मिळाली, हे निर्विवाद. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये काढलेले 'अरुण कोलटकरच्या कविता' हे पुस्तक त्याच मुशीतले. तरीही पत्र म्हणून त्यांपैकी बहुतेकांचे आयुष्य पावसाळी छत्रीइतकेच होते.

'अस्मितादर्श'चा प्रकार वेगळा. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात प्राचार्य म. ना. वानखेडे, डॉ. गंगाधर पानतावणे आदींनी १९६७ च्या सुमारास 'अस्मिता' हे त्रैमासिक काढले. लवकरच त्याचे नाव 'अस्मितादर्श' झाले. खेड्यातून आलेला, पहिल्याच पिढीत अक्षर गिरवलेला तरुण आपली कविता घेऊन कोठे जाणार? मोठ्या मासिकाकडून ती 'साभार परत' येई. काही वेळा त्याची भाषाच त्या संपादकाला कळत नसे. 'अस्मितादर्श'ने ती छापली आणि ज्याच्यासाठी लिहिली होती त्याच्याच घरी पोचविली. पानतावणे सरांनी आणखी एक गोष्ट केली आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांनी लेखक-वाचक मेळावे भरविले, तेही एकाच शहरात नव्हे, वेगवेगळ्या गावांत. नावातच वाचक आहे, हे लक्षात घ्यावे. व्यासपीठावर लेखक आणि खाली श्रोते असा तो मामला नव्हता; वर्गणीदार उठून लेखकाला प्रश्न विचारी. माझे नांदेडचे गुरुजी अशाच एका मेळाव्याला दोन दिवसांची भाकरी बांधून गेले होते. एका कथाकाराला त्यांनी विचारले, "तुमच्या गोष्टीतली आई एकदाही हसत का नाही?" उत्तर काय मिळाले ते त्यांना आठवत नाही. प्रश्न विचारताना पाय थरथरत होते, एवढे आठवते.

१९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दंगली पेटल्या. नांदेड जिल्ह्यातही दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. त्या दिवसांत दैनिकांत ज्यांची बाजू नीट येत नव्हती, त्यांना ही लहान पत्रे हाच आधार होता. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. 'अस्मितादर्श' या सगळ्या वर्षांत चालू होते. २०१८ मध्ये पानतावणे सरांचे निधन झाले, तोवर जवळजवळ पाच दशके त्यांनी ते सांभाळले. कोणा धनिकाची थैली पाठीशी असती तर गोष्ट वेगळी. येथे वर्गणी होती, मनिऑर्डर होती, आणि वर्गणी संपल्याचे पोस्टकार्ड आले की ओशाळणारा वाचक होता.

लातूरकडे वळले की दुसरी खंत समोर येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. कित्येक गावे जुनी जागा सोडून नव्याने वसविली गेली. माणसे गेली तिथे वह्या-पुस्तकांचा हिशेब कोण ठेवणार? पण शाळांची हस्तलिखिते, तरुण मंडळांचे अंक, भजनी मंडळांच्या वह्या ही त्या गावांची लिहिलेली स्मृती होती आणि तीही त्याच ढिगाऱ्यात गेली. त्याच लातूर जिल्ह्यातील उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच सुमारास विद्रोही साहित्य संमेलनही भरले. एका गावात दोन मांडव! मला यात वावगे काही वाटत नाही. मोठ्या मांडवाबाहेर छोटा मांडव घालण्याची सवय मराठीला या लहान पत्रांनीच लावली आहे.

आपल्या समाजालाही हा विषय परका नाही. १९०३ मध्ये येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी राहुरीजवळच्या केंदळसारख्या खेड्यातून 'निरोप्या' सुरू केला, तेव्हा तोही एक लहान पत्राचाच उद्योग होता. वसईच्या 'सुवार्ते'चे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका धर्मप्रांताच्या मासिकातून घडलेला लेखक मराठवाड्याच्या भूमीवर सर्व मराठी लेखकांचा अध्यक्ष म्हणून उभा राहिला. पुष्कळांनी विरोध केला, धमक्याही आल्या. पण संमेलन झाले. फादर २०२४ मध्ये आपल्यातून गेले.

आणि त्याही आधीचे फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. छापखान्याचा आधार तुटला. ग्रंथ वाचला तो हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. उपवासकाळात घरी आणि चर्चमध्ये तो गायचा म्हणून कोणी कोणी बसून सुमारे अकरा हजार ओव्या लिहून काढल्या. अशाच पोथ्यांवरून १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळूरला त्याची आवृत्ती छापली. छापखाना हरला आणि वही जिंकली, असा हा प्रकार आहे. पत्र छापणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे वाचकाच्या घरात, फडताळात नाहीतर ट्रंकेत पुढे होत राहते, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

आता माझी गोष्ट. तरुणपणी एका धर्मग्रामात माझी नेमणूक झाली. माझ्या आधीच्या फादरांनी तेथील तरुणांकडून एक चक्रमुद्रित पत्रिका काढून घेतली होती. कविता, गावच्या बातम्या, विहिरीच्या भांडणाचा वृत्तांत, एका मुलीने लिहिलेले शेतमजुरीचे वर्णन, असे पुष्कळ काही त्यात होते. सणापूर्वी चर्चला चुना द्यावयाचा होता. मागच्या खोलीतले ते गठ्ठे मी रद्दीवाल्याला दिले. किती पैसे आले ते आठवत नाही. त्यातून चुन्याचे दोन ब्रश आणले, हे आठवते. काही महिन्यांनी ती मुलगी, आता लग्न होऊन सासरी गेलेली, माहेरी आली आणि तिने आपला लेख मागितला. नवऱ्याला दाखवायचा होता. मी खोटे बोललो. "शोधून ठेवतो," म्हणालो.

लहान पत्रांचे दिवस आता आणखी अवघड झाले आहेत. टपालखात्याने नोंदणीकृत बुकपोस्टाची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. १८६७ चा तो जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा लागू झाला. कागदाचे भाव काय आहेत ते या त्रैमासिकाच्या व्यवस्थापकांना विचारा. तरीही नांदेडहून मा. मा. जाधव यांच्या संपादनाखाली 'अक्षरगाथा'सारखे त्रैमासिक निघाले आणि अभ्यासकांनी ते वाचले.

गुरुजींचे गाठोडे सध्या माझ्याकडे आहे. आमच्या दोन कॉन्व्हेंट-शिक्षिकांनी अंकांची यादी केली. तारीख नसलेल्या अंकांसाठी त्यांनी वेगळा रकाना आखला. माझ्या जुन्या धर्मग्रामातही मी निरोप पाठविला होता. चार महिन्यांनी एका आजींच्या ट्रंकेतून त्या पत्रिकेचे दोन अंक आले, साड्यांच्या घडीखाली अंथरलेले. एकात विहिरीचे भांडण आहे. मुलीचा लेख त्यांत नाही. तो बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या अंकात असावा. ट्रंका अजून बऱ्याच उघडावयाच्या आहेत.