भिंत कोणाच्या हिशेबात?

घर मोजणे हे वरवर पाहता फितीचे काम. पण फीत कोठून कोठवर धरायची हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती भावही असतो. मुंबईच्या घरबांधणीचा इतिहास याची साक्ष देतो.

१९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. संडास आणि मधला बोळ सर्वांचा. हाल पुष्कळ होते, पण मापाचा घोळ नव्हता. भाडे खोलीचे होते. बोळाचे फूट कोणी भाडेकरूच्या खोलीत धरीत नसे.

पुढे मालकीच्या सदनिका आल्या. त्यांच्यासाठी १९६३ साली महाराष्ट्रात कायदा झाला. जागा फुटाच्या भावाने विकली जाऊ लागली आणि एकाच घराची तीन मापे झाली. भिंतींच्या आत सतरंजी अंथरता येईल ते चटई क्षेत्र. त्यात भिंतींची जाडी मिळवली की बांधीव क्षेत्र. त्यावर जिना, लिफ्ट, प्रवेशद्वार यांचा वाटा चढवला की ‘सुपर बिल्ट-अप’. या शेवटच्या वाट्याला ठरावीक मर्यादा नव्हती.

कामगाराला हे सांगणे सोपे आहे. कागदावरचा पगार वेगळा आणि हाती पडणारा वेगळा, तसेच हे. समजा, ७०० फुटांचे घर ७,००० रुपये भावाने ४९ लाखांना घेतले आणि आत ५०० फूटच भरले. मग खरा भाव ९,८०० रुपये झाला!

भाषेनेही येथे थोडा घोटाळा केला आहे. भूखंडावर किती बांधावे हे ठरवणाऱ्या प्रमाणाला आपण ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यात भिंतीही मोजल्या जातात. जे त्यात मोजले जात नसे, त्याचाही धंदा झाला. फुलझाडांच्या कुंड्यांसाठी सोडलेली जागा हिशेबाबाहेर असे, म्हणून ती सढळपणे बांधून खोलीत मिसळली जाई आणि विकली जाई. २०१२ साली मुंबईत नियम बदलून ती हिशेबात घेतली गेली.

२०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या बांधली. घरातल्या आतल्या भिंती त्यात धरायच्या; बाहेरच्या भिंती, बाल्कनी व खुली गच्ची वगळायची. ग्राहकाच्या हाती प्रथमच देशभर एक माप आले.

त्याच जुन्या चाळींच्या जागी आता ५०० फुटांची घरे ठरली आहेत. वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. १६० वरून ५०० ही मोठी कमाई आहे, आणि ती रहिवाशांच्या चिकाटीची आहे. गावोगावच्या जुन्या वाड्यांचे, चाळींचेही करार आता होत आहेत. तेथे सही करणाऱ्याने आकड्याआधी त्यापुढचा शब्द वाचावा: फूट कोणते, बाल्कनी आत की बाहेर? आणि ताबा घेताना फीत स्वतः धरावी.