टपली कुणाला?

दिवाळीत हिंगोलीला घरी मोबाइलवर ‘साउथ पार्क’ बघत होतो. बाबा म्हणाले, “काय घाण बघतोस रे?” आजोबा हसले, “तू दादा कोंडक्याचा पिक्चर बघून आलास, तेव्हा मी हेच म्हणलो होतो.” बाबा गप्प.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा चावट बोलत सत्तेची टर उडवायचे. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’नंतर पोलीस शिपायाला ‘पांडू’ हेच नाव चिकटलं. ‘साउथ पार्क’ अमेरिकेत १९९७ ला सुरू झालं. दादा १९९८ ला गेले. शेरा दोघांवर एकच: अश्लील.

मी मात्र टपली कुणाला बसते ते बघतो. सत्तेला बसली की हसतो. दादांच्या सिनेमात ती बऱ्याचदा बाईलाच बसते. तिथं मीही गप्प होतो.