खाणावळीची वही

दिवाळीची पहिली आंघोळ आटोपून फराळाचे ताट पुढे आले, की माझे वडील एक वाक्य हमखास बोलत : "दिवाळीत खाणावळ बंद असायची, पण मावशींची चूल बंद नसायची." आम्हां भावंडांना ते पाठ झाले होते, आणि पाठ झालेल्या गोष्टीचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही. पुढे मी शाळामास्तर झालो, चार कादंबऱ्या लिहिल्या, लढायांच्या आणि तहांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. परंतु त्या एका वाक्यामागे मुंबई नावाच्या शहराचा अर्धा इतिहास दडलेला आहे, हे उमगायला मला केस पिकेपर्यंत थांबावे लागले.

आम्ही पेणचे. खाडी, मिठागरे, भातशेती आणि गणपतीचे कारखाने हे आमचे जग. पलीकडे कुंडलिकेच्या काठी रोहे. दोन्हीकडच्या माणसांचे एका बाबतीत मात्र एकमत : भात झोडून झाला, की घरातल्या एकाने तरी मुंबई गाठायची. पूर्वी धरमतरहून बोटीत बसावे आणि भाऊच्या धक्क्यावर उतरावे. रोह्यापर्यंत रेल्वे आली ती १९८६ साली. तोवर आमच्या कित्येक पिढ्या मुंबईत जाऊन, खपून आणि थकून परतही आल्या होत्या.

ही माणसे तिथे जेवत कुठे?

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली. पाहता पाहता परळ-लालबाग भागात गिरण्यांच्या चिमण्यांचे रानच उगवले. चिमणीला माणूस लागतो आणि माणसाला भाकरी. पण गिरणीत गेलेला माणूस बहुधा एकटा, बायको-मुले गावी. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या अवघ्या सव्वापाचशेच्या आसपास. ज्या शहरात दोन पुरुषांमागे एकच बाई, तिथे भाकऱ्या कोण थापणार? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे खाणावळ.

खाणावळीचे प्रकारही अनेक. गिरगाव-दादरकडे कारकून, विद्यार्थी, मास्तर अशा पांढरपेशांच्या खाणावळी. तिथे पाट मांडलेले आणि आमटीत गूळ. मामा काणे यांचे दादरचे उपाहारगृह सांगते आपले साल १९१०. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात खुद्द लोकमान्य उतरत आणि तिथेच १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला. या जागांना पाट्या होत्या, म्हणून त्यांची नावे राहिली. एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. कित्येक पाट्यांवर जातीचेही नाव असे, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाला पैसे मोजूनही त्या पंगतीत पाट मिळत नसे. गिरणगावातही जो तो आपल्या गावचे आणि आपल्या जातीचे घर शोधी. अन्नाचा इतिहास सांगायचा तर हा खडाही दाताखाली यायलाच हवा.

वडिलांची खाणावळ बिनपाटीची होती. लालबागच्या एका चाळीतली दहा बाय बाराची खोली. मालकीण रोह्याकडची, तिचा नवरा गिरणीत, तीन मुले शाळेत. सारे तिला मावशी म्हणत. जेवणारे वीसएक. गिरणीच्या तीन पाळ्या, म्हणून मावशींच्याही तीन पंगती. सकाळी सातच्या पाळीसाठी डबे भरायचे, तर चार वाजता स्टोव्ह पेटायचा. साडेतीनला पहिली पाळी सुटली, की जेवणारे दारात हजर. दुसरी पाळी मध्यरात्री सुटे. त्यांची ताटे झाकून ठेवलेली. एका कोपऱ्यात मावशींचा मुलगा पाढे म्हणतोय, दुसऱ्या कोपऱ्यात वडील भात कालवताहेत, आणि पाढा चुकला तर जेवणारेच तो सुधारताहेत, असा सारा घरगुती मामला. भात, आमटी, भाजी, तांदळाची भाकरी. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी बोंबील नाहीतर सुकट. थंडीत गावाहून कोणी वाल आणले, तर बिरडे. "बिरड्याच्या दिवशी मुंबई पेणला येई," असे वडील म्हणत.

पैसे महिन्याच्या पगाराला. तोवर सारा व्यवहार वहीवर. वाण्याची उधारी मावशींच्या अंगावर, जेवणाऱ्यांची मावशींच्या वहीत. म्हणजे पगाराच्या एका तारखेपासून दुसरीपर्यंत वीस माणसांचे पोट एका बाईच्या पतीवर चालायचे. अशा बायका गिरणगावात गल्लोगल्ली होत्या. गिरणीच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते. खानेसुमारी ही नावाप्रमाणे घरांची मोजदाद. चुलीपाशी चाललेल्या या धंद्याची गणती तिने कधी नीट केली नाही.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांत असंतोष पेटला. त्या वर्षी वडिलांच्या हातात गावी जायलाही पैसे नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आज मिटेल, उद्या मिटेल, असे म्हणत वडील पाच महिने मावशींकडे जेवले, तेही उधारीवर. पाऊस लागला तेव्हा ते शेतीसाठी पेणला परतले आणि गिरणीत पुन्हा कधी गेलेच नाहीत. सहाशे पन्नास रुपये देणे राहिले. त्या वेळी मी तीन वर्षांचा होतो.

१९९८ साली मी एका परीक्षेसाठी मुंबईला निघालो, तेव्हा वडिलांनी खिशात पाकीट दिले आणि चाळीचा पत्ता सांगितला. मावशी होत्या. जेवणारे आता पाच-सहाच उरले होते. त्यांनी मला ओळखले नाही, पण वडिलांचे नाव सांगताच ताट वाढले. जेवण झाल्यावर मी पाकीट पुढे केले. मनात म्हटले, या आता "अन्नाचे पैसे कसले घ्यायचे?" म्हणतील, डोळे पुसतील. कथा-कादंबऱ्या वाचून वाढलेला मुलगा मी!

मावशींनी पैसे घेतले. थुंकी लावून दोनदा मोजले. ट्रंकेतून जुनी वही काढली, पान शोधले, आणि हिशेबावर एक आडवी रेघ मारली. माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "नवल वाटलं? अरे, मी उपकार केले नव्हते, धंदा केला होता. संपात पाटल्या मोडून वाण्याचं बिल भरलं ते मी. उपकार म्हटलंस तर तुझ्या बापाची मान खाली जाईल, नि माझं काम वाया जाईल."

हे वाक्य ऐकले, आणि इतिहासाचे एक पान मला नव्याने वाचता आले. अशाच बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या या कार्यकर्तीने खाणावळवाल्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. सावकाराच्या दारी दागिने ठेवणाऱ्या बायका बँकेत सही करू लागल्या. अन्नपूर्णा हे नाव गोड आहेच. पण देवीला हात जोडले म्हणजे कष्टाचा दाम देण्यातून सुटका होते, असे नाही. बँकेने त्यांना देवी म्हणून नव्हे, धंदेवाली म्हणून कर्ज दिले, हे मला जास्त मोलाचे वाटते.

आज त्या भागात गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत. मावशी गेल्या, वडीलही गेले. पण निघताना मी ती वही चाळली होती, ते सांगायचे राहिले. वडिलांच्या नावापुढे रोजच्या दोन जेवणांच्या दोन रेघा. पानामागून पान, एकही दिवस सुटलेला नाही. फक्त १९८१ च्या ऑक्टोबरात, वडील गावी येऊ शकले नाहीत त्या दिवाळीत, तीन दिवस कोरे होते.

"हे लिहायचं राहिलं का, मावशी?" मी विचारले.

"राहिलं कसं?" त्या म्हणाल्या. "तेव्हा खाणावळ बंद होती."