ट्रकचा ब्रेक ‘ढिला’ का पडतो? स्लॅक ॲडजस्टर समजून घ्या, घाटाआधी तपासा

सोलापूर : जिल्ह्यातले रस्ते बहुतेक सपाट. फडातून ऊस भरायचा, कारखान्याच्या काट्यावर लाईन लावायची आणि गव्हाणीत रिकामा करायचा, एवढ्या फेरीत हवेचा ब्रेक ढिला असला तरी ड्रायव्हरच्या फारसं लक्षात येत नाही. तीच गाडी हंगाम नसताना कांदा भरून वाशीला निघते आणि खंडाळ्याचा उतार लागतो, किंवा मराठवाड्यातून माल घेऊन तुळजापूरचा घाट उतरते, तेव्हा खरी परीक्षा होते. ‘ब्रेक फेल’ म्हटलं की पाइप फुटला, हवा गेली असंच वाटतं. पण हवा पुरेशी असूनही ब्रेक कमी पडू शकतो. याचं एक मोठं कारण म्हणजे स्लॅक ॲडजस्टर, गॅरेजच्या भाषेत नुसता ‘स्लॅक’.

चाकामागे हवेचा गोल डबा असतो, तो ब्रेक चेंबर. पायडल दाबलं की त्यात हवा शिरते आणि आतला रबरी पडदा पुश रॉडला बाहेर ढकलतो. रॉडच्या टोकाला पिनने जोडलेला वीतभर लांबीचा लोखंडी हात म्हणजे स्लॅक. रॉडने ढकललं की स्लॅक फिरतो, त्याच्यासोबत कॅम शाफ्ट फिरतो आणि शाफ्टच्या टोकाचा इंग्रजी ‘एस’ आकाराचा कॅम दोन्ही ब्रेक शू फाकवून लायनर ड्रमवर दाबतो.

लायनर रोज थोडाथोडा झिजतो. त्यामुळे ड्रमपर्यंतचं अंतर वाढतं आणि रॉडला जास्त बाहेर यावं लागतं. मोठ्या गाड्यांवर सर्रास दिसणाऱ्या साध्या टाइप 30 चेंबरचा रॉड जेमतेम 2.5 इंच बाहेर येऊ शकतो. पूर्ण ब्रेक मारल्यावर तो 2 इंचांच्या पुढे जात असेल, तर ब्रेक ॲडजस्ट करायलाच हवा, कारण शेवटच्या अर्ध्या इंचात जोर झपाट्याने कमी होतो. त्यात उतारावर सतत ब्रेक मारून ड्रम तापला की तो फुगतो, अंतर आणखी वाढतं आणि रॉड आतल्या आत टेकतो. मग पायडल कितीही दाबा, शूवर जोर जात नाही.

हायड्रॉलिक ब्रेक ढिला झाला की पायडल खोल जातं, पायाला लगेच कळतं. हवेच्या ब्रेकात पायडल फक्त हवा सोडतं, म्हणून स्लॅक ढिला असला तरी पायडल नेहमीसारखंच लागतं. काट्यावर हवेचं प्रेशर बरोबर दिसतं. एबीएसही हा ढिलेपणा भरून काढत नाही. गाडीखाली वाकून बघणं हाच उपाय.

तपासायचं कसं?

गाडी सपाट जागेवर लावा, चाकांना पुढून-मागून ठोकळे द्या, हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा आणि हँडब्रेक सोडा. हँडब्रेक लागलेला असेल तर मागच्या चाकांचे रॉड आधीच बाहेर आलेले असतात आणि माप चुकतं. रॉड चेंबरमधून बाहेर येतो तिथे खडूची खूण करा. किन्नरला पायडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि खूण किती सरकली ते पट्टीने मोजा. मदतीला कोणी नसेल तर साधा स्लॅक हाताने जोरात ओढून बघा. 1 इंचापेक्षा जास्त हलला तर ढिला आहे. सगळी चाकं बघा. एकच चाक टाइट आणि बाकीची ढिली असतील तर सगळा भार त्या एका ड्रमवर येतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

साध्या स्लॅकवर षटकोनी नट असतो, आत दाते असलेला गिअर. नटाभोवतीची लॉकची रिंग पान्याने आत दाबून नट फिरवायचा. ब्रेक मारताना कॅम ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने तो फिरतोय ना ते बघा, उलटा फिरवला तर ब्रेक आणखी ढिला होतो. लायनर ड्रमला टेकला की नट पाव ते अर्धा फेरा मागे घ्यायचा. लॉकची रिंग परत बाहेर आली पाहिजे, नाहीतर गाडी चालताना नट आपोआप फिरतो.

नव्या गाड्यांना ऑटो स्लॅक येतो. ब्रेक मारताना अंतर वाढलेलं असलं की तो स्वतःच ते भरून काढतो. इथेच मोठी गल्लत होते. ऑटो स्लॅक ढिला दिसला की साध्यासारखाच पान्याने आवळून गाडी सोडून दिली जाते. दोन दिवस ब्रेक बरा लागतो, पुन्हा ढिला. ऑटो स्लॅक परत परत ढिला होत असेल तर दोष दुसरीकडे असतो : पिन झिजलेली, कॅम शाफ्टचा बुश खलास, चेंबरचे नट सैल, किंवा खुद्द स्लॅकच गेलेला. जबरदस्तीने उलटा फिरवला तर आतले दाते झिजतात. तो मेकॅनिकलाच दाखवा.

ग्रीसकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. फडातला चिखल आणि पाणी आत जाऊन गंज धरतो. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीचे स्लॅक आणि कॅम शाफ्ट हंगामाआधी साफ करून, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरावं.

एक सक्त सूचना. मागच्या चाकांच्या जोड-चेंबरमध्ये हँडब्रेकची प्रचंड दाबाची स्प्रिंग असते. तिचं झाकण घरी किंवा रस्त्यावर उघडू नका. उडालेल्या झाकणाने जीव जाऊ शकतो.

ॲडजस्ट केल्यावर गाडी दोन-तीन किलोमीटर फिरवा आणि प्रत्येक ड्रमजवळ तळहात न्या, पण ड्रमला टेकवू नका. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर तिथे लायनर घासतोय, त्या चाकाचा नट किंचित मागे घ्यावा लागेल. त्या चाकाला ऑटो स्लॅक असेल तर नटाला हात न लावता गाडी गॅरेजला न्यावी.