आधी आरेखन, मग वस्तू

सांगली आणि सातारा या जिल्ह्यांच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभ बहुधा लोखंडी नांगरापासून सांगितला जातो; तो चित्रकलेच्या वर्गापासून सांगणे अधिक युक्त ठरेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, परंतु काही रंगांतील भेद त्यांना कळत नसल्याचे आढळल्यावर ते यंत्र-आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी ही अशा रीतीने एका ड्रॉईंगमास्तरांची निर्मिती होय.

चित्रात वस्तू डोळ्यांना दिसते तशी काढतात. यंत्र-आरेखनात तिचे समोरचे, वरचे व बाजूचे दृश्य परस्परांशी काटकोनात कल्पिलेल्या प्रतलांवर लंबरेषांनी उतरवतात. या लंब प्रक्षेपाची शास्त्रशुद्ध मांडणी अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गास्पार मोंज यांनी केली. साध्या फाळाला अशी तीन दृश्ये पुरतात. किर्लोस्करवाडीत १९२६ मध्ये ज्याचे उत्पादन सुरू झाले, तो सेंट्रिफ्यूगल पंप मात्र इतक्यात आवरणारा नव्हता, कारण त्याचे बाहेरचे कवच, म्हणजे व्होल्यूट, गोगलगायीच्या शंखाप्रमाणे क्रमाक्रमाने रुंदावत जाते. असे कवच ठरावीक अंशांवर कापले असता तोंड कसे दिसेल, याचे छेद आरेखकाला स्वतंत्रपणे काढावे लागत. पॅटर्नमेकर, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुना घडवणारा सुतार, त्या छेदांवरून पत्र्याचे फर्मे कापून लाकूड तासत असे, आणि दोन छेदांमधला उतार आपल्या हाताच्या अंदाजाने जुळवून घेत असे. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच तेवढी वाढीव आखलेली असे. कागदावर नसलेले पुष्कळसे ज्ञान असे सुताराच्या पेटीत राही.

साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासून चालत आला होता. सांगलीत १९४७ मध्ये, पुढे वालचंद नावाने प्रसिद्ध झालेले, अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि कराडला १९६० मध्ये शासकीय महाविद्यालय आले. त्या काळातील आरेखन-कक्षांची रीत सर्वत्र सारखीच होती: आधी पेन्सिलीने काढलेले आरेखन, मग त्यावर ट्रेसिंगचे कापड किंवा कागद अंथरून शाईने गिरवलेली प्रत, चुकलेली रेघ ब्लेडने हलकेच खरवडणे, आणि शेवटी कारखान्यात जाणारी, उग्र वासाची अमोनिया प्रिंट.

संगणक आल्याबरोबर ही रीत बदलली, असे सरसकट म्हटले जाते; ते अर्धेच खरे आहे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडसारख्या प्रणालींनी ड्रॉईंग बोर्ड पडद्यावर आणला, पण रेघा माणूसच काढत होता. खरा पालट १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनियरसारख्या प्रणालींनी घडवला, कारण तेथे प्रथम त्रिमित प्रतिरूप, म्हणजे मॉडेल, घडवले जाते आणि त्यावरून दृश्ये व छेद संगणक काढून देतो. मॉडेलमधील भोकाचा व्यास बदलला की प्रत्येक दृश्यात तो आपोआप बदलतो. आधी आरेखन आणि मग वस्तू, हा शतकभराचा क्रम येथे उलटला. व्होल्यूटचे जे छेद काढताना आरेखकाचे दिवस जात, ते आता हव्या त्या अंशावर क्षणात मिळतात.

तरीही अशा आरेखनात पोकळ जागा राहतात, आणि त्या जाणकारालाच दिसतात. मजबुतीसाठी दिलेली पातळ भिंत, म्हणजे रिब, लांबीच्या दिशेने कापली गेली तरी तिच्यावर छेदाच्या तिरप्या रेघा मारायच्या नाहीत, असा जुना संकेत आहे. न सांगता सोडले तर संगणक अनेकदा तिथेही रेघा मारतो, आणि पातळ रिब भरीव ठोकळ्यासारखी दिसू लागते. मापांचे तसेच आहे. मॉडेल उभारताना सोयीची म्हणून दिलेली मापे संगणक जशीच्या तशी कागदावर आणू शकतो, परंतु लेथवरच्या कारागिराला भोकाचे अंतर यंत्रण केलेल्या पृष्ठापासून हवे असते, ओबडधोबड ओतीव कडेपासून नव्हे. कोणते माप कोठून द्यायचे आणि त्यात किती फरक चालेल, हा निर्णय पूर्वीइतकाच माणसाचा राहिला आहे. आरेखनाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील चौकटीत काढणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा यांच्यासाठीचे तीन रकाने म्हणूनच अजून छापले जातात.